पाषाण आणि चौकट
शिळांच्या छायाचित्रणाचा इतिहास आणि आपला जिल्हा



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो आणि पुढे त्यांच्याच शाळेत इतिहासाचा शिक्षक म्हणून उभा राहिलो. आज त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. हा मान माझ्या विद्वत्तेचा नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. गुरुजींची एक जुनी वही आणि माझ्या हातून घडलेली एक चूक, एवढ्या भांडवलावर मी आज उभा आहे. त्या दोहोंच्या मध्ये जो इतिहास आहे तो आपणांपुढे मांडण्याचा माझा प्रयत्न राहील.

विषय प्रथमदर्शनी हौसेचा वाटेल. डोंगर, कडे, धोंडे यांची छायाचित्रे काढताना त्यांची चौकटीत मांडणी कशी केली जाते, एवढाच तो आहे. परंतु मांडणी म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे काही घेणे व काही वगळणे. जे वगळले जाते त्याचाही इतिहास असतो. तो सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून त्याविषयी बोलावे असे मी ठरविले.

१

गुरुजी भूगोल शिकवीत. त्यांच्या मते आपला जिल्हा म्हणजे दगडांचे उघडे पुस्तक. हा जिल्हा म्हणताना मी जुना, अखंड आदिलाबाद जिल्हा म्हणतो आहे. २०१६ साली त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. त्यापूर्वी १९५६ साली किनवट आणि राजुरा हे भाग त्यातून निघून महाराष्ट्राच्या बाजूला गेले, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. माणसांनी सीमा अनेकदा हलविल्या. दगडांच्या सीमा मात्र होत्या तेथेच आहेत.

वायव्येला आणि उतनूरच्या पठारावर दख्खनचा काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांच्या पायऱ्या आजही डोंगरांच्या कडांवर दिसतात. निर्मलचा घाट उतरून दक्षिणेकडे गेले की सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे ग्रॅनाइट लागते. ऊनपावसाने कोपरे झिजून गोल झालेले त्याचे धोंडे एकावर एक ठेवल्यासारखे उभे असतात. पैनगंगेच्या बाजूला समुद्राच्या तळाशी साचलेला, पातळ पापुद्र्यांचा चुनखडक आहे. आदिलाबादचा सिमेंटचा कारखाना, जो १९९८ मध्ये बंद पडला, तो याच खडकाच्या भरवशावर उभा राहिला होता. पूर्वेला प्राणहिता व गोदावरीच्या खोऱ्यात तांबूस वालुकाश्म आणि त्याच्या पोटात कोळसा. एका जिल्ह्यात इतक्या जातींचे खडक हे भाग्यच म्हणावयाचे.

या प्रत्येक खडकाचे छायाचित्र काढण्याची रीत वेगळी, हे मला पुढे स्वतः कॅमेरा हाती घेतल्यावर कळले. काळा कातळ प्रकाश गिळतो. भर दुपारी त्याचे चित्र काढले तर नुसता काळा डाग उमटतो. सकाळी आठच्या आत किंवा दिवस कलल्यावर तिरपे ऊन पायऱ्यांच्या कडांवरून घसरते, तेव्हा थर मोजता येतात. ग्रॅनाइटच्या धोंड्याला बाजूने प्रकाश हवा, नाहीतर त्याची गोलाई दिसत नाही आणि तो भिंतीवर चिकटविलेल्या कागदासारखा सपाट भासतो. चुनखडकाचे थर आडवे. तेथे कॅमेरा जमिनीलगत न्यावा लागतो. आणि सर्वच ठिकाणी प्रश्न एकच, की प्रमाण कसे दाखवावे? एकट्या उभ्या धोंड्याच्या चित्रावरून तो गुडघ्याएवढा आहे की देवळाएवढा, हे सांगता येत नाही. दगडाला स्वतःचे माप नसते. ते शेजारच्या वस्तूकडून उसने घ्यावे लागते.

२

हे उसने माप घेण्याची रीत छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच सुमारास अजिंठ्याला एक इंग्रज लष्करी अधिकारी मुक्काम करून होता. मेजर रॉबर्ट गिल हे त्याचे नाव. १८४४ मध्ये त्याला लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यास पाठविले; त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. परंतु मध्यंतरी त्याने कॅमेरा हाती घेतला होता. त्याने काढलेली जोडचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत लोणारची मंदिरेही आहेत.

जोडचित्र म्हणजे दोन डोळ्यांच्या अंतराने काढलेली एकाच दृश्याची दोन चित्रे. विशिष्ट भिंगांतून पाहिली की दृश्याला खोली येते. मात्र ती खोली दिसण्यासाठी चौकटीत जवळची एखादी वस्तू असावी लागते. एखादा धोंडा, झुडूप, किंवा माणूस. म्हणून त्या काळच्या चित्रांत कड्याच्या पायथ्याशी, गुहेच्या दाराशी बसलेला एखादा माणूस वारंवार भेटतो. कधी तो हमाल असतो, कधी वाटाड्या. चित्राखाली कड्याचे नाव असते, चित्रकर्त्याचे असते. त्या माणसाचे नाव बहुधा नसते.

तेव्हाची साधने ध्यानात घेतली पाहिजेत. काचेवर कोलोडियनचा थर द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्यापूर्वी काळ्या तंबूत धुवावयाची. सगळा खेळ काही मिनिटांचा. दख्खनच्या उन्हाळ्यात तर तेवढाही अवधी मिळत नसे. शिवाय त्या काचेला निळा प्रकाश फार लवकर लागे आणि तांबडा जवळजवळ लागतच नसे. परिणाम असा, की आकाश कोरे पांढरे उमटे आणि तांबूस खडक काळवंडत. म्हणून जाणता छायाचित्रकार क्षितिज उंच घेई, आकाश कमीत कमी ठेवी आणि चौकट पाषाणाने भरून टाकी. आज आपण ज्याला त्या चित्रांचे भव्य गांभीर्य म्हणतो, त्यातील पुष्कळसा भाग रसायनाच्या मर्यादेतून आलेला आहे.

३

आता क्षणभर दूर जाऊ. अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्स याने १८६१ मध्ये योसेमिटी खोऱ्यातील ग्रॅनाइटच्या कड्यांची चित्रे काढली. त्याच्या काचा सुमारे अठरा इंच रुंद व बावीस इंच लांब होत्या. त्या खेचरांवर लादून न्याव्या लागल्या. शांत पाणी, त्यात कड्याचे प्रतिबिंब, आणि माणसाचा मागमूस नाही. ३० जून १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ते खोरे राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली आणि त्या निर्णयामागे या चित्रांचा प्रभाव होता असे मानले जाते. छायाचित्राने डोंगर वाचतो, याचे हे पहिले मोठे उदाहरण होय.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक साल जवळ ठेवले पाहिजे. १८५१ मध्ये, म्हणजे वॉटकिन्स तेथे पोचण्याच्या दहाच वर्षे आधी, मारिपोसा बटालियन नावाच्या सशस्त्र तुकडीने त्या खोऱ्यातील मूळ रहिवासी अवानीची लोकांना हुसकावून लावले होते. चित्रातील निर्जनता निसर्गाने दिलेली नव्हती, ती घडविलेली होती. वॉटकिन्सने खोटे काही दाखविले नाही. तथापि चित्र पाहणाऱ्याने असे समजावे, की ही भूमी मुळातच रिकामी होती, अशी त्या चौकटीची घडण होती.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. टिमथी ओसलिव्हन या सरकारी सर्वेक्षणाच्या छायाचित्रकाराने १८६९ मध्ये युटा प्रांतातील 'चेटकिणींचे खडक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुळक्यांचे चित्र काढले. शंभरावर वर्षांनी, १९७७ ते १९७९ या काळात, काही अभ्यासकांनी जुन्या छायाचित्रकारांच्या पावलांवर पाऊल ठेवून, त्याच जागी उभे राहून तीच चित्रे पुन्हा घेतली. तेव्हा उघड झाले, की ओसलिव्हनने कॅमेराच कलता धरला होता. त्यामुळे उतारावरचे खडक अधिक ताठ, अधिक विलक्षण दिसत होते. आकाश कोरे असल्यामुळे आणि क्षितिज लपल्यामुळे शंभर वर्षे कोणाच्या ते ध्यानात आले नाही. त्या जागी पुन्हा जाऊन उभे राहणे, हाच छायाचित्राची सत्यता तपासण्याचा खरा मार्ग, हा धडा त्यातून मिळाला.

तिसरे नाव अँसेल ॲडम्सचे. १० एप्रिल १९२७ रोजी तो हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर पोचला तेव्हा त्याच्याजवळ वापरण्याजोग्या दोनच काचा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा काचफिल्टर लावून घेतली. मग त्याला वाटले की मनात उभा राहिलेला कडा यात उतरणार नाही. दुसरीसाठी त्याने गडद तांबडा फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळे झाले आणि कडा त्यातून उगवल्यासारखा उभा राहिला. चित्र घेण्यापूर्वी ते मनात पूर्ण पाहणे, हा विचार त्या दिवशी त्याला गवसला. माझ्या पिढीतील हौशी छायाचित्रकार याच विचारावर वाढले. मीही वाढलो, आणि चूक तेथेच झाली. त्याकडे मी येतोच.

४

आपल्या मुलखात खडक आणि माणूस यांची ताटातूट इतकी सहज करता येत नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे मध्य भारतातील भूशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे, तेच हे. खडक आणि जीवाश्म गोळा करीत हिंडणाऱ्या या माणसाने त्याच भटकंतीत गोंडांची लिंगोची गाथा टिपून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले. त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. खडक आणि गाथा एकाच पिशवीत बाळगणारा हा अभ्यासक मला फार जवळचा वाटतो.

कारण त्या गाथेतच खडक आहे. गोंडांचे देव गुहेत कोंडले गेले आणि तेथून त्यांची सुटका झाली, ही त्यांच्या परंपरेतील मध्यवर्ती कथा. आजही पुष्य महिन्यात केरामेरीच्या बाजूला, महाराष्ट्राच्या सीमेवर, जंगूबाईच्या नैसर्गिक गुहेकडे दोन्ही राज्यांतील गोंड भाविकांची रीघ लागते. भूशास्त्रज्ञाला ती कातळातील पोकळी दिसेल, भाविकाला ते देवीचे घर दिसते. छायाचित्रकाराने काय पाहावे?

क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाने या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात राहून दिले. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला हैदराबाद संस्थानातच राहावे लागले. १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले. त्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम त्याच्याकडे आले. तो मारलवाई गावात राहिला. राखीव जंगलाच्या रेषा आखताना वस्त्या कशा उठविल्या गेल्या, हे त्याने निजाम सरकारला लेखी कळविले. १९४८ मध्ये त्याचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ आला. त्याची छायाचित्रे आज लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत आहेत. डोंगर त्यांत आहेत, पण मुख्यतः माणसांच्या मागे. नकाशावरच्या ज्या रानातून माणसे वगळली जात होती, तेथे माणसे आहेत याचा तो पुरावा होता.

मराठी माणसाला त्या कार्यातील आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि तेथील गोंडी वाचनमाला देवनागरी लिपीत छापल्या गेल्या, कारण या भागात मराठीचा व्यवहार होता. पुढे शिवकालाचे थोर अभ्यासक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या सेवेत असताना गोंडी शिकले आणि त्यांनी आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. शिक्षण, लिपी आणि डोंगर यांचे नाते या जिल्ह्यात असे जुने आहे.

५

आता माझी गोष्ट. कडेमच्या बाजूला, घाटाखाली, एका गोंड वस्तीजवळ ग्रॅनाइटचे तीन धोंडे एकावर एक उभे होते. १९७८ च्या डिसेंबरात मी तेथे गेलो. माझ्याकडे नवा कॅमेरा होता आणि डोक्यात ॲडम्सचा कडा. पायथ्याच्या शिळेला शेंदूर लावलेला होता, जवळ दोन मातीचे घोडे, एक बांबू, त्यावर मोरपिसांची जुडी. मागे विजेचा खांब. मला ते सारे अडचणीचे वाटले. मी तीन पावले डावीकडे सरकलो, कॅमेरा खाली नेला, पुढच्या झुडपाआड शेंदरी शिळा गेली, खांबही गेला. तांबडा फिल्टर लावला. आकाश काळे झाले आणि तीन धोंडे जणू जगाच्या आरंभापासून एकटे उभे आहेत असे चित्र आले. त्याला एका स्पर्धेत पारितोषिक मिळाले. याच शाळेच्या वाचनालयात ते अनेक वर्षे टांगलेले होते. आपल्यापैकी काहींना आठवत असेल.

आठ-नऊ वर्षांनी खडीसाठी त्या टेकाडावर सुरुंग लागू लागले. गावचे पटेल दोन माणसांना घेऊन माझ्या घरी आले. येथे देवाची जागा पूर्वापार आहे, याचा पुरावा आणा, असे त्यांना एका कार्यालयात सांगण्यात आले होते. मास्तरांनी फोटो काढला होता, एवढे त्यांच्या लक्षात होते. मी मोठ्या उत्साहाने चित्र काढून त्यांच्या हाती दिले. पटेलांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि शांतपणे विचारले, "मास्तर, धोंडा तर आमचाच हाय. पर देव कुठं हाय यात?"

मला उत्तर देता आले नाही. देव मीच झुडपाआड घातला होता.

त्या रात्री मला गुरुजींच्या वहीची आठवण झाली. ते तेव्हा हयात होते, थकलेले होते. सहलींना ते आपला साधा अगफा क्लिक कॅमेरा नेत. बारा चित्रांचा रोळ, आणि प्रत्येक चित्राची बोटभर प्रत वहीत डकवलेली. १९६४ च्या सहलीच्या पानावर तेच तीन धोंडे सापडले. क्षितिज कललेले, एका मुलाचे डोके कापलेले, गुरुजींची स्वतःची सावली पायाशी पडलेली. रचनेच्या दृष्टीने चित्र अगदी सामान्य. परंतु त्यात शेंदरी शिळा होती, घोडे होते, पूजेला आलेली म्हातारी होती. आणि खाली गुरुजींच्या टपोऱ्या अक्षरात: तारीख, वेळ, कोणत्या झाडापासून किती पावलांवर उभे राहिलो, तोंड कोणत्या दिशेला, चित्रातील मुलांची नावे, म्हातारीचे नाव, आणि देवाला गावकरी काय म्हणतात ते.

ते पान आम्ही अर्जासोबत दिले. वरचे दोन धोंडे तोपर्यंत फुटले होते. ते परत येणार नव्हते. पायथ्याची शिळा मात्र खाणीच्या हद्दीतून वगळली गेली आणि आजही ती तेथे आहे. माझे पारितोषिकप्राप्त चित्र मी त्यानंतर वाचनालयातून उतरवून घेतले. ते कोठे गेले असे आपण मला विचारीत असा. आज त्याचे उत्तर मी दिले.

६

माझे म्हणणे सुंदर चित्रांच्या विरुद्ध आहे असा गैरसमज कृपया करून घेऊ नये. सुंदर चित्राने माणूस थांबतो, पाहतो, आणि मग राखावे असे त्याला वाटू लागते. हैदराबादेत १९९६ मध्ये 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था स्थापन झाली. शहराच्या वाढीत फुटत चाललेल्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांकडे लोकांचे लक्ष वेधण्यात छायाचित्रांचा वाटा आहे. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा उभ्या खांबांचा कातळ चारी बाजूंनी इमारतींनी वेढला गेला आहे. त्याचे आजचे प्रामाणिक चित्र काढावयाचे तर इमारती वगळता येणार नाहीत, आणि वगळूही नयेत. आपल्या शेजारी, यवतमाळ जिल्ह्यातील शिबला-पार्डी येथे २०२१ मध्ये रस्त्याच्या खोदकामात असेच षट्कोनी दगडी खांब उघडे पडले. लाव्हा थंड होताना आकसतो, भेगा पडतात आणि असे खांब तयार होतात. ज्या रस्त्याने ते उघडकीस आणले त्याच रस्त्याने त्यांना धोका, अशी ही विचित्र अवस्था आहे. चौकटीत खांब घ्यावेत आणि रस्ताही घ्यावा, म्हणजे पुढच्या पिढीला दोन्ही कळतील.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. गुरुजींच्या वहीत सत्तेचाळीस जागांची टिपणे आहेत. आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा आहे. त्या जागी जावे, त्याच झाडापासून तितकीच पावले मोजावीत, झाड नसेल तर ते गेले असे लिहावे, आणि त्याच दिशेला तोंड करून एक चित्र घ्यावे. आधी हे साधे चित्र घ्यावे. मग हवे तितके सरकून, ऊन कलेपर्यंत थांबून, मनासारखे दुसरे घ्यावे. प्रमाणासाठी माणूस उभा कराल तर त्याचे नाव विचारून लिहावे. जवळ देव असेल तर गावकऱ्यांची परवानगी घ्यावी. ते नको म्हणाले तर चित्र न घेता नुसती नोंद करावी. गुरुजींनीही दोन जागी असेच केले आहे. तेथे चित्राची चौकट रिकामी ठेवून 'गावाने नको म्हटले' एवढेच लिहिलेले आहे.

ती वही मी आज शाळेच्या स्वाधीन करीत आहे. शेवटची सोळा पाने कोरी आहेत.